चिंचेवरचे बगळे

आमच्या घरात तीन पिढ्या लाकूड कापत आल्या. कोरेगावात आजोबांनी वखार घातली, अब्बांनी तिची सॉ मिल केली आणि मी झाडं जगवायचा धंदा काढला. अब्बांना ते कधीच पटलं नाही. म्हणायचे, "मेलेलं लाकूड गिऱ्हाईक स्वतः येऊन घेऊन जातं. जित्या झाडासाठी तुला कोण बोलावणार?"

बोलावणारे भेटले. पण ते कशासाठी बोलावतात हे कळायला मला बरेच दिवस लागले.

माझा भागीदार फौजेतून सुभेदार होऊन आलेला. ऊसवाल्या घरातला गडी. भाऊ शेत बघत होते आणि ह्याला घरात बसवत नव्हतं. नोकरीतली बरीच वर्षं डोंगरात दोरावर गेलेली, त्यामुळे झाडावर चढणं त्याला जिना चढण्यासारखं. सगळे त्याला सुभेदारच म्हणतात, त्याची बायकोसुद्धा. मला लाकडाचं कळायचं आणि त्याला दोराचं. दोघांनी मिळून एक जुना टेम्पो घेतला, त्यावर माझं नाव आणि फोन नंबर रंगवून घेतला. त्याचं नाव टाकू म्हटलं तर म्हणाला, "माझं कशाला? पेन्शनीत माणूस मी. धंदा तुझा, मी हमाल."

सातारा ते सांगली या पट्ट्यात आम्ही फिरायचो. वाळलेल्या फांद्या काढायच्या, जखमांना मोरचूद-चुन्याचा लेप लावायचा, झुकलेल्या झाडाला आधार द्यायचा. चांगले दिवसही आले. शिराळ्याकडं एका शेतकऱ्याचा वडिलोपार्जित आंबा भिरुडानं पोखरला होता, खोडातून भुसा गळत होता. आम्ही तारेच्या आकड्यानं एकेक अळी ओढून काढली, भोकांत औषधाचे बोळे कोंबले, वरून चिखलानं लिंपलं. पुढच्या हंगामात त्यानं पाटीभर आंबे घरी आणून दिले आणि अब्बांच्या पुढ्यात ठेवले. अब्बांनी एक उचलून वास घेतला आणि पाटी स्वतः आत नेली. माझ्यासाठी तेवढं पुष्कळ होतं.

पण असं क्वचित. रोजचे फोन वेगळे. "पानं लय पडतात हो, काहीतरी करा." जशी काही पानं म्हणजे शेजाऱ्यानं टाकलेला कचरा. कुणाला दुकानाच्या पाटीसमोरची फांदी नको. कुणी अंगणभर फरशी घालून ती बुंध्याच्या सालीला भिडवलेली, आणि वर विचारणार, झाड का वाळतंय. सालीत खिळे, खिळ्यांवर जाहिराती, क्लासची, कर्जाची, मूळव्याधीची. एकदा एका भल्या माणसानं मला चहा पाजला, मुलांची चौकशी केली आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "आपोआप वाळल्यासारखं दिसेल असं काही औषध असतं का तुमच्याकडं?" मी चहा अर्धा ठेवून उठलो. बाहेर आल्यावर सुभेदार म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "चूळ भरायला पाणी दे."

असे फोन इतके झाले की माणसाचा आवाज गोड लागला की मला आधी शंका यायची.

सांगलीच्या त्या वसाहतीचा फोन आला तेव्हा आवाज गोडच होता. नदीपासून थोड्या अंतरावर चार इमारती, मधे मोकळी जागा आणि त्या जागेत एक चिंच. इमारतींच्या आधीपासूनची. दोघांच्या कवेत न मावणारा बुंधा आणि वर पसरलेला घेर. पावसाळा होता. आम्ही टेम्पोतून उतरलो आणि आधी आवाज आला, मग वास. वर पाहिलं तर अख्खी चिंच पांढरी. गायबगळे, त्यांच्यात काही ढोकऱ्या, शेंड्याकडं रातबगळे. फांदीफांदीवर काटक्यांची घरटी आणि घरट्यांत पिल्लं. डोक्यावर विस्कटलेली पिसं, उघड्या चोची, एकसारखी कचकच. खाली उभ्या केलेल्या गाड्या विष्ठेनं चुना मारल्यासारख्या झालेल्या.

सोसायटीचा चेअरमन पांढऱ्या कपड्यांतला, नीटनेटका माणूस. त्यानं आम्हाला झाडाखाली नेलं नाही, लांबूनच हात केला. "सगळा वरचा भाग काढून टाका. खोड राहू दे, म्हणजे झाड तोडलं असं होत नाही."

त्याच्याभोवती दहाएक लोक जमले होते. त्यात तळमजल्यावरच्या एक काकू सगळ्यांत जोरात बोलत होत्या. त्यांची खिडकी बरोबर झाडाखाली. "माझे मिस्टर अंथरुणावर आहेत. खिडकी उघडली तर वासानं त्यांना उलटी होते, बंद ठेवली तर जीव घुसमटतो. बेडकं पडतात हो वरून, अर्धी पचलेली! एक तर दारात पडलं होतं. तुम्ही राहून दाखवा इथं चार दिवस."

खोटं नव्हतं त्यांचं. माझ्यादेखत वरून काहीतरी थबकन पडलं, मासा होता की काय होतं कळलं नाही. मला त्यांची दया आली.

मी सांगितलं, "काकू, दिवाळीपर्यंत पिल्लं उडून जातील. मग आम्ही येऊन तुमच्या खिडकीवरच्या फांद्या मागं घेतो, पुढच्या वर्षी तिथं घरटी होणार नाहीत. तोवर गाड्यांवर जाळी बांधून देतो, खाली रोज चुना टाकून झाडून घ्या. आता फांद्या कापल्या तर पिल्लं मरतील. आणि तो गुन्हाही आहे."

चेअरमननं माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही झाडवाले की पक्षीवाले?"

सुभेदार पुढं झाला. "आवं साहेब, पिल्लास्नी पंख फुटू द्या की. मग मी सोता चढतो, तुमी म्हनशीला तेवढं काढतो. आत्ता न्हाई जमायचं."

"मग दुसरे मिळतील," चेअरमन म्हणाला. गोडवा तेवढ्यात संपला. आम्ही परत आलो.

पंधरवडा गेला असेल. आम्ही म्हसवडच्या बाजूला एका शाळेच्या कडुनिंबावर काम करत होतो. सकाळी चेअरमनचा फोन. आवाज पुन्हा गोड. "अहो, काल वाऱ्यानं फांद्या पडल्यात. तेवढ्या उचलून न्यायच्यात. वाट अडलीय लोकांची."

वारा झाला असेलही, आम्हाला काय ठाऊक. आदल्या दिवशी माणदेशात ऊन तापलं होतं, पण सांगलीचं हवामान वेगळं. शाळेतलं काम आवरतं घेऊन आम्ही निघालो आणि दुपारी पोचलो.

फाटकातून टेम्पो आत घेतला आणि मी ब्रेक दाबला. पुढं जायला जागा नव्हती. चिंच उरली नव्हती. हात तोडलेल्या माणसासारखं खोड उभं होतं आणि भोवती फांद्यांचा डोंगर. फांद्यांची तोंडं गुळगुळीत कापलेली, आतलं तांबूस लाकूड ओलं. वारा फांदी असा कापत नाही. लाकूडकाप्याच्या घरात जन्मलेल्याला ते जवळ जाऊनही बघावं लागलं नाही.

आणि त्या फांद्यांत पिल्लं. किती ते सांगता येणार नाही. काही फांद्यांखाली चिरडलेली, काही फरशीवर आपटून फुटलेली, पोटातलं बाहेर आलेलं. काही जिवंत. मान उचलायची, चोच उघडायची, आणि मान परत पडायची. भ्यायलेली पिल्लं खाल्लेलं ओकून टाकतात. सगळ्या फरशीवर ती ओकारी, बेडकांचे पाय, नाकतोडे, मासळीचे तुकडे, त्यात रक्त, त्यात पांढरी पिसं चिकटलेली, आणि त्यावर माश्यांचं मोहोळ. उन्हानं सगळं आंबायला लागलेलं. वर मोठे बगळे घिरट्या घालत होते. उतरायला फांदीच नव्हती. ते खोडाच्या टोकाशी यायचे आणि परत वर जायचे.

लोक गॅलऱ्यांत उभे होते. नाकाला रुमाल आणि हातात फोन.

सुभेदारानं आयुष्यात काय काय पाहिलंय ते तो सांगत नाही. पण तो टेम्पोच्या मागं गेला आणि भडाभडा ओकला. मग तोंड धुऊन आला आणि म्हणाला, "भाई, जिती हायत ती आदी काढू."

चेअरमन खाली आला नव्हता. पहिल्या मजल्यावरून ओरडला, "जरा लवकर उचला हो! वास सुटलाय."

मी वर बघितलं. मला शिवी द्यायची होती, पण तोंड उघडलं तर आत तो वास जाईल म्हणून मी तोंड उघडलं नाही. हे खरं कारण आहे. माणसाचा संतापही कधी कधी नाकाशी अडतो.

मी शहरातल्या एका पक्षीमित्राला फोन केला, त्यानं वनखात्याला कळवलं. ते येईपर्यंत आम्ही टेम्पोतले क्रेट काढले, त्यात गवत टाकलं आणि जिवंत पिल्लं वेचायला लागलो. एका जाड फांदीखालून आवाज येत होता. ती उचलण्यासारखी नव्हती, म्हणून मी करवत सुरू केली आणि तिचे तुकडे केले. सुभेदार खाली आडवा झोपून हात घालून पिल्लं ओढत होता. त्याच्या शर्टावर, मिशांवर, कपाळावर ती घाण. एक पिल्लू त्याच्या तळहातावर मेलं. त्यानं ते खाली टाकलं नाही, मेलेल्यांच्या ढिगापाशी नेऊन ठेवलं.

पक्षीमित्र आला, जिवंत पिल्लं घेऊन गेला. त्यांतली थोडी जगली असं नंतर कळलं. घरी पोचलो तेव्हा बायकोनं मला दारातच थांबवलं, कपडे अंगणात काढायला लावले आणि काठीनं उचलून टाकून दिले. दोन वेळा अंघोळ केली. जेवायला बसलो तर भाताच्या वाफेतही तोच वास. ताट सारून उठलो.

इथपर्यंतची किळस मी सहन केली असती. मेलेल्या जिवाचा वास वाईट असतो, पण तो कुणाला फसवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू झाले. पहिला उचलला तर एका अनोळखी माणसानं आईवरून शिवी दिली आणि ठेवून दिला. दुसरा, तिसरा, तसंच. मग मेहुण्यानं व्हिडिओ पाठवला. वरच्या गॅलरीतून कुणीतरी काढलेला. त्यात मी करवत चालवतोय, भोवती पिल्लं पडलीत, मागं टेम्पो आणि टेम्पोवर माझं नाव, नंबर. सुभेदार फांदीखाली झाकला गेल्यामुळे दिसतच नव्हता. आम्ही पिल्लं क्रेटमध्ये ठेवतोय तो भागही नव्हता. वर लिहिलं होतं, हाच तो कसाई.

कसाई हा शब्द निवडताना टेम्पोवरचं आडनाव वाचलं होतं, हे खालच्या मजकुरात उघडच दिसत होतं. काय काय लिहिलं होतं ते इथं उतरवणार नाही. ज्यांनी कधी झाडाला लोटाभर पाणी घातलं नसेल त्यांनी माझ्या धर्माचा, माझ्या बायकोचा, माझ्या मुलींचा हिशोब मांडला होता. काही ओळखीचे होते. एकाच्या दारातला फणस मी वाचवला होता. त्यानं फक्त रागाचं तोंड टाकलं होतं, एक अक्षर लिहिलं नव्हतं. मला त्याचीच जास्त शिसारी आली.

कामं गेली. कबूल केलेली माणसं फोन उचलेनात. म्हसवडच्या शाळेनं उरलेलं काम दुसऱ्याला दिलं. अब्बा म्हणाले, "मिल चालू आहे अजून. ये." एवढंच म्हणाले. आधीचं काही काढलं नाही, हे त्यांचे उपकार. फक्त शिराळ्याच्या आंबेवाल्याचा फोन आला. "आवं, मी बघितलं ते. तुमी आसं करनार न्हाई, मला ठावं हाय. तिकडं कुनी लय बोललं तर माझा नंबर द्या त्यास्नी."

सुभेदार दोन दिवस दिसला नाही. तिसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन दारात आला. टेम्पोवर माझ्या नावाच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, त्याचं नाव आणि हुद्दा रंगवलेला. रंग अजून ओला होता.

मी म्हटलं, "हे कशाला? आता तुलाही शिव्या बसतील."

"बसू द्यात की. निम्म्या तरी वाटून घेऊ." मग म्हणाला, "गड्या, वर्दीत व्हतो तवा लोक पाया पडायचं. आता त्येच लोक. मला काय कळंना झालंय."

वनखात्याची चौकशी त्या वसाहतीतच झाली, चिंचेच्या खोडासमोर खुर्च्या टाकून. साहेब तरुण होते, शांतपणे विचारत होते. आम्हालाही बोलावलं होतं. चेअरमन उठला, हात जोडले आणि म्हणाला, "साहेब, आम्ही फक्त फांद्या हलक्या करायला सांगितल्या होत्या. यांनी," माझ्याकडं बोट केलं, "यांनी असं करून ठेवलं. आम्हाला तर रात्रभर झोप लागली नाही."

मी त्याच्याकडं बघतच राहिलो. तो माझ्या नजरेला नजर देऊन बोलत होता, सहज, भाजीचा भाव सांगावा तसा. मी साहेबांना सांगितलं की फांद्या कापल्या त्या दिवशी आम्ही म्हसवडला होतो, शाळेत विचारा. साहेबांनी मान डोलावली आणि जमलेल्या लोकांना विचारलं, "फांद्या कापल्या तेव्हा इथं कोण होतं? काय पाहिलं?"

चार इमारतींतली माणसं होती. त्यांतल्या बऱ्याच जणांनी आमचा नकार ऐकला होता. करवतीचा आवाज सगळ्यांच्या घरात गेला असणार. कुणी फोनमध्ये बघायला लागलं, कुणी चपलेचा अंगठा नीट करायला लागलं. एक गृहस्थ म्हणाले, "आम्ही कामावर असतो." फांद्या कापल्या तो रविवार होता. तेही कुणी म्हटलं नाही.

तेव्हा तळमजल्यावरच्या काकू उठल्या.

"हे दोघे नाही म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "दिवाळीपर्यंत थांबा म्हणाले. मी समोर होते. मग चेअरमननी बाहेरची माणसं आणली, सकाळी सकाळी. ती कोण ते त्यांना विचारा. आणि माझंही नाव लिहून घ्या, साहेब. मीच रोज त्यांच्या मागं लागले होते, तोडा म्हणून. कापताना मी खिडकीतून बघत होते. पहिली फांदी पडली तेव्हा मला कळलं काय होतंय. मी ओरडले नाही. खिडकी लावून घेतली."

सगळीकडं एकदम गलका झाला. पण तो चेअरमनवर नव्हता, काकूंवर होता. "तुमच्यासाठीच केलं ना सगळं!" "आता साळसूद होताय होय?" "सोसायटीची अब्रू घालवली." एक बाई तर म्हणाल्या, "नवऱ्याचं आजारपण सांगून सांगून आमच्याकडून करून घेतलं." काकू खाली बसल्या नाहीत. उभ्याच राहिल्या, पदराचं टोक मुठीत धरून.

शेवटी झालं ते असं. फांद्या कापणारे मजूर सापडले, बाहेरगावचे गरीब लोक. त्यांना कुणी आणलं हे त्यांनी सांगितलं. त्यांच्यावर आणि चेअरमनवर केस झाली. चेअरमननं वकील दिला, मजुरांना कोण देणार? चेअरमन अजून चेअरमनच आहे. पुढच्या निवडणुकीत त्याच्यासमोर कुणी उभंच राहिलं नाही. आमच्यावरचा संशय गेला, तसं साहेबांनी स्पष्ट सांगितलं. पण व्हिडिओ फिरतोच आहे. खरी गोष्ट आम्ही लिहून टाकली, ती कुणी पुढं पाठवली नाही. तिच्यात शिवी द्यायला माणूस मिळत नव्हता.

काम हळूहळू परत आलं. पूर्वीइतकं नाही. आता मी गिऱ्हाइकाला आधीच विचारतो, कशासाठी हवंय, आणि उत्तर आवडलं नाही तर जात नाही. सुभेदार म्हणतो, असं केलंस तर उपाशी मरशील. मी म्हणतो, अब्बांची मिल आहे. त्यावर तो दोर गुंडाळायला लागतो, कारण मी मिलवर जाणार नाही हे त्याला माहीत आहे.

चिंचेच्या खोडाला पुढच्या पावसात धुमारे फुटले. बगळे काही आले नाहीत. ते नदीपलीकडं एका शेताच्या बांधावरच्या बाभळींवर बसतात, असं पक्षीमित्र सांगतो. त्या शेतकऱ्याची काही तक्रार नाही, अजून तरी.

काकूंचे मिस्टर त्यानंतरच्या हिवाळ्यात गेले. मी भेटायला गेलो, सुभेदारही होता. वसाहतीतलं कुणी त्यांच्याकडं फारसं येत नाही असं दिसलं. बसायला खुर्च्या भरपूर रिकाम्या होत्या. खिडकी उघडी होती आणि बाहेरून फक्त ऊन येत होतं. काकूंनी विचारलं, "तुमच्या धंद्याचं बरं आहे ना आता?" मी म्हटलं, "आहे." मग त्या आत जाऊन चहा करून घेऊन आल्या.

मला त्यांच्याबद्दल आदर आहे. तेवढ्या माणसांत एकट्या उभ्या राहिल्या त्या. पण मला ती खिडकीही दिसत होती, आणि त्या दिवशी आतून लावलेली तिची कडी. सुभेदारानं चहा घेतला. मी कप हातात धरून बसलो, गार होईपर्यंत, आणि निघताना तसाच टीपॉयवर ठेवला. काकूंनी ते पाहिलं.

बाहेर आल्यावर सुभेदार म्हणाला, "घ्यायचा व्हतास रं."

"घशाखाली गेला नसता," मी म्हटलं, आणि टेम्पो सुरू केला.